जयगावहून भूतान : फुंटशोलिंगच्या इमिग्रेशन ऑफिसात परमिट कसं काढायचं

भूतानला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. व्हिसा लागत नसला तरी परमिट लागतं, ही गोष्ट मात्र पुष्कळांना भारताच्या हद्दीतल्या शेवटच्या गावाला, जयगावला पोचल्यावर कळते. रस्त्याने जाणाऱ्यांना हे परमिट सीमेच्या पलीकडे, फुंटशोलिंग गावातल्या भूतानच्या इमिग्रेशन ऑफिसातून मिळतं. ते हातात असल्याशिवाय थिंफू-पारोच्या रस्त्याला लागता येत नाही.

घरच्यांना घेऊन मी ही वाट केली आहे. त्यानंतर परभणी, सेलू, वसमतच्या नातेवाइकांचे कागद निघण्याआधी बघून दिले आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. फुंटशोलिंगच्या काउंटरवर ज्यांचं काम अडतं, त्यांची अडचण तिथे तयार झालेली नसते. ती आपल्या तहसीलमध्ये, ग्रामपंचायतीत किंवा कपाटातल्या जुन्या कार्डावर आधीपासून असते, आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब गेल्यावर ती सोडवायला कुणाकडेच उपाय नसतो. त्यामुळे या लेखातला मोठा भाग घरी बसून करायच्या कामांचा आहे. ऑफिसातलं काम त्यामानाने थोडं आहे.

१. तिकीट काढण्याआधी प्रत्येकाचं ओळखपत्र हातात घेऊन बघा

भूतानच्या परमिटसाठी प्रौढ भारतीयाची दोनच ओळखपत्रं चालतात : किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, यातलं काहीही चालत नाही.

हे दोनदा वाचा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. बँक, सिमकार्ड, पीकविमा, रेशन, सगळीकडे आधार लागतं, म्हणून आधार असलं की झालं अशी आपली सवय झाली आहे. रांगेत आमच्या पुढे बीड जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं. पाचांपैकी चौघांकडे मतदार कार्ड होतं, आजीकडे फक्त आधार. आजीचं कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत होतं, आणि मोबाइलवर फोटो मागवून काम होत नाही, मूळ कार्डच दाखवावं लागतं. गावाकडून कार्ड येईपर्यंत ते सगळे जयगावच्या लॉजवर थांबले.

मतदार कार्ड हातात घेतल्यावर या गोष्टी तपासा.

फोटो ओळखू येतो का? जुन्या काळ्यापांढऱ्या कार्डांवरचे फोटो पार उडालेले असतात. आपल्याकडे पुष्कळ वडीलधाऱ्यांकडे अजून ‘एमटी’ने सुरू होणाऱ्या, मध्ये तिरप्या रेघा असलेल्या लांबलचक क्रमांकाची कार्डं आहेत. आताच्या कार्डाचा क्रमांक दहा ठिकाणांचा असतो, तीन अक्षरं आणि सात आकडे. जुनं कार्ड असेल तर नवीन मागवून घ्या.

इंग्रजीतलं नाव बरोबर आहे का? मराठीतलं नाव आपण वाचतो, इंग्रजीतलं कुणी बघतच नाही. तिकडचा अधिकारी मात्र फक्त इंग्रजी वाचणार. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर इकडेतिकडे असेल तर घाबरायचं कारण नाही, अर्जात आणि हॉटेलच्या बुकिंगमध्ये कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा म्हणजे झालं. वेगळंच नाव छापलेलं असेल तर दुरुस्ती करून घ्या.

लग्न झालेल्या बायकांचं नाव हा आपल्याकडचा नेहमीचा गुंता. मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि रेल्वेचं तिकीट काढणाऱ्या दिराने तिसरंच काहीतरी टाकलेलं. परमिट ज्या ओळखपत्रावर काढायचं, त्यावरचं नाव हेच त्या प्रवासापुरतं तुमचं नाव, असं धरा आणि सगळीकडे तेच द्या.

छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवच्या लोकांना एक शंका हमखास येते. जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली आणि कार्डावर किंवा पासपोर्टवर अजून औरंगाबाद, उस्मानाबाद आहे, मग ते चालेल का? नाव बदलल्यामुळे ओळखपत्र बाद होत नाही. फक्त अर्जात पत्ता लिहिताना कार्डावर जे छापलंय तेच लिहा.

नवीन किंवा दुरुस्त कार्डासाठी फॉर्म ८ भरायचा. नाव पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर फॉर्म ६. दोन्ही निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवरून किंवा मतदार नोंदणीच्या पोर्टलवरून भरता येतात, नाहीतर गावातल्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्यांना गाठा. बहुतेक ठिकाणी ते शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई असतात आणि घरचेच असल्यासारखी मदत करतात. अडलंच तर १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहे. कार्ड छापून घरी येईपर्यंत वेळ जातो, म्हणून दीड-दोन महिने हाताशी ठेवा. डाउनलोड केलेल्या ई-एपिकची (मतदार कार्डाच्या डिजिटल प्रतीची) झेरॉक्स सोबत असू द्या, पण भरवसा मूळ कार्डावरच ठेवा.

माझं मत विचाराल तर घरात ज्यांना शक्य आहे त्यांनी पासपोर्टच काढावा. आता त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागत नाही, मराठवाड्यातही पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांत काम होतं. पासपोर्टवर नावाचा घोळ एकदाच मिटतो आणि काउंटरवर प्रश्न कमी येतात.

२. लेकरांचे कागद

अठरा वर्षांखालच्या मुलांना पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला लागतो, आणि सोबत आई, वडील किंवा कायदेशीर पालक असावे लागतात. शाळेच्या ओळखपत्रावर किंवा बोनाफाइडवर काम होईल असं समजू नका.

जन्म दाखल्यात दोन अडचणी हमखास निघतात. पहिली म्हणजे दाखला फक्त मराठीत असणं. ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरमधून हाताने लिहून दिलेला दाखला तिकडे वाचणार कोण? इंग्रजी मजकूर असलेला, सही-शिक्क्याचा नवा दाखला काढून घ्या.

दुसरी अडचण पटकन दिसत नाही. आपल्याकडे बारशाला नाव ठेवतात, आणि दवाखान्यातून जन्माची नोंद त्याच्या आधीच जाते. त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच राहिलेली असते. शाळेत प्रवेश आधारवर होऊन जातो, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. नोंदणी झाल्यापासून एका वर्षाच्या आत नाव विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून. दाखला उघडून आजच बघा.

भाचा-पुतण्याला सोबत नेत असाल तर त्याच्या आई-वडिलांचं इंग्रजीतलं संमतिपत्र नोटरी करून घ्या आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स त्याला जोडा. आणि तो सतरा-साडेसतरा वर्षांचा असेल तर सरळ पासपोर्ट काढा, कारण मतदार कार्ड त्याला मिळणार नाही आणि दिसायला तो मोठा दिसणार.

३. एसडीएफचा हिशेब आधी मांडा

पूर्वी जाऊन आलेले लोक सांगतात, ‘काही पैसे लागत नाहीत, फॉर्म भरला की शिक्का मारून देतात.’ त्यांच्या वेळी ते खरं होतं. भूतानने २०२० मध्ये कायदा करून भारतीय पर्यटकांनाही शाश्वत विकास शुल्क लावलं. त्याच वर्षी कोरोनामुळे सीमा बंद झाली आणि २३ सप्टेंबर २०२२ ला ती पुन्हा उघडल्यावर लोकांना खऱ्या अर्थाने हे शुल्क द्यावं लागलं. तिकडे सगळे त्याला एसडीएफच म्हणतात. त्यामुळे २०२० च्या आधीची कोणतीही माहिती, मग ती कितीही जवळच्या माणसाने दिलेली असो, पैशांच्या बाबतीत सोडून द्या.

भारतीयांना माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना निम्मे, म्हणजे ६००. सहा वर्षांखालच्यांना काही नाही. यात राहणं, जेवण, गाडी यातलं काहीही येत नाही, ते वेगळं.

समजा नवरा-बायको, आजी, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा चार रात्रींसाठी जात आहेत. तीन मोठ्यांचे १४,४००, मुलीचे २,४००, मुलाचे शून्य. एकूण १६,८०० रुपये फक्त एसडीएफ. घरातून निघतानाच ही रक्कम बाजूला काढून ठेवली तर तिकडे गेल्यावर फिरण्यावर गदा येत नाही.

भूतानचं चलन न्गुलट्रम, आणि त्याची किंमत आपल्या रुपयाएवढीच आहे. रुपये तिथे सर्रास चालतात. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. भूतानमध्ये २०२१ पासून भीम यूपीआय सुरू झालं आहे, पण डोंगरातल्या चहाच्या टपरीवर किंवा टॅक्सीवाल्याकडे ते असेलच असं नाही.

आणि एक खबरदारी. जयगावच्या रस्त्यावर ‘परमिट करून देतो’ म्हणणारे भेटतात. अर्ज भरायला मदत घेतली तर त्या माणसाच्या मेहनतीचे पैसे द्या, त्यात काही वावगं नाही. पण एसडीएफ कुणाच्या हातात देऊ नका. तो सरकारी काउंटरवर किंवा सरकारी पोर्टलवर भरायचा आणि प्रत्येक माणसाच्या नावाची पावती घ्यायची.

४. अर्ज घरून की तिथे जाऊन?

दोन्ही चालतं. भूतानच्या इमिग्रेशन खात्याच्या पोर्टलवर अर्ज भरून, कागद चढवून, एसडीएफ भरून परमिट आधीच मंजूर करून घेता येतं. किंवा सरळ फुंटशोलिंगला जाऊन काउंटरवर अर्ज करता येतो.

घरून करा, असं मी सांगेन. कारण साधं आहे : कागदात काही खोट असेल तर ती तुम्हाला परभणीत, लातुरात बसून कळते, जिथे तहसील, सेतू आणि झेरॉक्सचं दुकान चार पावलांवर असतं. निघायच्या किमान दोन आठवडे आधी अर्ज टाका.

अर्ज भरताना कार्डाच्या दोन्ही बाजू नीट स्कॅन करा. घरच्या ग्रुपवर आलेला, अर्धा कापलेला, त्यावर ट्यूबलाइटचा उजेड चमकणारा फोटो चढवू नका. पासपोर्ट साइज फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीचा, अलीकडचा, चेहरा पूर्ण उघडा असलेला. आजोबांना टोपीशिवाय फोटो काढायला आवडत नाही हे मला माहीत आहे, पण या फोटोपुरती टोपी काढायला त्यांना प्रेमाने तयार करा.

कुठेकुठे जाणार ते अर्जात आधीच लिहा. थिंफू आणि पारो सगळेच लिहितात. पुनाखा, ‘हा’ नावाचं खोरं, बुमथांग असं पुढे जायचं असेल तर तेही लिहा. हॉटेलचं बुकिंग आणि अर्जातल्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत.

यात्रा कंपनीबरोबर जात असाल तर हे सगळं ते करतात. तरीही मंजूर परमिटची प्रत निघण्याआधी मागून घ्या आणि स्वतःचं नाव, क्रमांक, तारखा वाचून बघा. ‘तिकडे गेल्यावर होऊन जाईल’ हे उत्तर मान्य करू नका.

५. फाइल

प्रत्येक माणसाची वेगळी पारदर्शक फाइल करा, सगळ्यांचे कागद एकाच पिशवीत कोंबू नका. काउंटरवर माणसाला एकेकटं बोलावतात आणि आईची फाइल वडिलांच्या पिशवीत, वडील बाहेर चहाला, असं झालं की मागची रांग खोळंबते. प्रत्येक फाइलीत :

- मूळ मतदार कार्ड किंवा पासपोर्ट, आणि दोन झेरॉक्स (कार्डाच्या दोन्ही बाजू)
- पासपोर्ट साइज चार फोटो
- हॉटेलच्या बुकिंगची छापील प्रत
- रोज कुठे मुक्काम याचा एका पानाचा इंग्रजी तक्ता
- ऑनलाइन अर्ज केला असेल तर मंजुरी आणि एसडीएफची पावती
- लेकरांसाठी जन्म दाखल्याची मूळ प्रत
- रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी

सोबत काळ्या शाईचा पेन. आणि सगळ्या कागदांचे फोटो घरी राहणाऱ्या एका माणसाच्या मोबाइलवर.

६. जयगावपर्यंत

जयगाव पश्चिम बंगालच्या अलीपूरद्वार जिल्ह्यात आहे. जवळचं रेल्वे स्टेशन हासीमारा, तिथून जयगाव १८-२० किलोमीटर. आपल्याकडून सरळ गाडी नाही. मनमाडहून नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल धरायची, हावड्याहून टॅक्सीने सियालदह गाठायचं आणि तिथून रात्री निघणारी कांचनकन्या एक्सप्रेस. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत हासीमाऱ्याला सोडते. हावडा मेल उशिरा पोचली तर पुढची गाडी चुकायला नको, म्हणून कोलकात्यात एक मुक्काम धरा. विमानाने जायचं असेल तर बागडोगरा, तिथून चार-साडेचार तासांचा रस्ता, चहाच्या मळ्यांमधून.

हासीमाऱ्याला दुपारी उतरून त्याच दिवशी परमिट काढायची घाई करू नका. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं. आपल्या साडेबाराला तिकडे एक वाजलेला असतो, म्हणजे जेवणाची वेळ. दोन दिवसांच्या रेल्वेने अंग आंबलेलं, लेकरं किरकिर करणारी, अशा वेळी रांगेत उभं राहण्यापेक्षा जयगावला मुक्काम करा आणि सकाळी ऑफिस उघडताना हजर राहा.

भूतानच्या सुट्ट्या आपल्यापेक्षा वेगळ्या असतात. २१ ते २३ फेब्रुवारी राजांचा वाढदिवस, २ मे तिसऱ्या राजांची जयंती, १ नोव्हेंबर राज्याभिषेक दिन, ११ नोव्हेंबर चौथ्या राजांचा वाढदिवस, १७ डिसेंबर राष्ट्रीय दिन. शिवाय लोसार, म्हणजे त्यांचं नववर्ष, दर वर्षी तारीख बदलतं. आपण बहुतेक दिवाळीच्या सुट्टीत निघतो, आणि नोव्हेंबरच्या दोन सुट्ट्या नेमक्या तिथेच येतात. सुट्टीच्या दिवशी किंवा शनिवार-रविवारी काउंटर चालू असेल हे गृहीत धरून तारखा बांधू नका.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, या रस्त्यावर दरडी कोसळतात. उन्हाळ्याची सुट्टी असेल तर मे महिन्यातच जाऊन या.

७. सीमा ओलांडून ऑफिसात

जयगाव आणि फुंटशोलिंग ही एकाला एक चिकटलेली गावं आहेत. मधल्या रंगीत, नक्षीच्या गेटने दोन देश वेगळे होतात. चालत जाणाऱ्यांसाठी वेगळं टर्मिनल आहे, तिथून ओळखपत्र दाखवून आत जायचं. भारताच्या बाजूला भारतीयांना शिक्का मारून घ्यावा लागत नाही. आत गेल्यावर गोंधळ एकदम ओसरतो, हॉर्न थांबतात. गाड्या माणसांसाठी थांबतात, तेव्हा झेब्रा क्रॉसिंगवरूनच रस्ता ओलांडा.

इमिग्रेशन ऑफिसात घरातल्या प्रत्येकाने स्वतः यावं लागतं. ‘मी सगळ्यांचं काढून आणतो, तुम्ही लॉजवर थांबा’ हे इथे चालत नाही, कारण प्रत्येकाचा फोटो आणि बोटांचे ठसे तिथे घेतले जातात.

बोटांच्या ठशांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्या भागातल्या माणसांना याचा त्रास होतो. ज्यांनी आयुष्यभर कापूस वेचला, ज्वारी काढली, त्यांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. रेशनच्या दुकानात अंगठा उठत नाही म्हणून फेऱ्या मारणारे आजी-आजोबा आपण बघतोच. आमच्या सोबतच्या काकांचे ठसे काचेवर येईनात. अधिकारी बाईंनी काच पुसली, दुसरं बोट ठेवायला सांगितलं, तरी नाही. काका ओशाळून हात मागे घ्यायला लागले. तेव्हा त्या बाई हिंदीत म्हणाल्या, ‘कोई बात नहीं, हाथ धोके आइए, आराम से.’ काकांनी साबणाने हात धुतले, कोरडे केले, बोटांना किंचित व्हॅसलीन चोळून पुसून टाकलं, आणि मग ठसे उठले. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांना निघण्याआधी आठ-दहा दिवस रात्री तेल किंवा व्हॅसलीन लावत चला. पर्समध्ये एक छोटी डबी असू द्या.

काउंटरवर प्रश्न साधे असतात. कुठे जाणार, किती रात्री, कुठे राहणार, सोबत कोण. हिंदी चालते, आपल्या मराठवाडी वळणाच्या हिंदीनेही काही अडत नाही. ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यावं. घरातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने बोलायची आपली रीत तिथे गैरसमज करते, विशेषतः बायकांना प्रश्न विचारल्यावर नवऱ्याने उत्तर दिलं की. आधीच्या रात्री सगळ्यांना बसवून हॉटेलचं नाव आणि दिवस सांगून ठेवा, आजीलाही.

ऑफिसात फोटो-व्हिडिओ काढू नका. आवाज चढवू नका. गर्दी असली तरी टोकन किंवा रांगेप्रमाणेच काम होतं, आणि ‘जरा आमचं आधी बघा’ म्हणण्याने काहीही साधत नाही. कागदात काही कमी असेल तर नेमकं काय पाहिजे ते विचारून घ्या आणि कागदावर लिहून घ्या.

एसडीएफ आधी भरला नसेल तर तो इथे भरायचा. पावतीवरचा रात्रींचा आकडा मोजा.

८. परमिट हातात आलं की तिथेच वाचा

काउंटरपासून दोन पावलं बाजूला व्हा, पण इमारतीबाहेर पडू नका. प्रत्येकाच्या परमिटवर नाव, ओळखपत्राचा क्रमांक, आत जायची आणि बाहेर पडायची तारीख बघा. चूक असेल तर ती त्याच क्षणी दुरुस्त होते, चार तास डोंगर चढून गेल्यावर नाही.

पुढच्या ठिकाणांचं इथेच विचारून घ्या. पुनाखा किंवा त्यापलीकडची ठिकाणं तुमच्या परमिटमध्ये धरली आहेत का? नसतील तर त्यासाठीची वेगळी परवानगी थिंफूच्या इमिग्रेशन ऑफिसातून काढावी लागते. थिंफूहून दोचुला खिंडीकडे जाताना होंगत्शोला नाका आहे, तिथे ती बघतात.

मग सगळ्या परमिटांचे मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद एका जबाबदार माणसाकडे द्या. कागद हरवला किंवा काही मोठी अडचण आली तर फुंटशोलिंगलाच भारताचं वाणिज्य दूतावास आहे आणि थिंफूला भारताचा राजदूतावास. दोन्हींचे फोन नंबर निघण्याआधीच लिहून ठेवा.

स्थानिक सिमकार्डही इथेच घ्या, ताशी सेल किंवा बी-मोबाइलचं.

९. रिंचेनडिंगचा नाका आणि पुढचा रस्ता

भूतानच्या टॅक्सीच्या नंबरप्लेटवर ‘बीटी’ असतं. टॅक्सी ठरवताना किती दिवस, कुठेकुठे आणि चालकाचं जेवण-मुक्काम कुणाकडे, हे तिन्ही आधी बोलून घ्या. आपली गाडी आत न्यायची असेल तर तिची परवानगी वेगळी काढावी लागते आणि रोजचा आकार भरावा लागतो. घाटांची सवय नसेल तर तिकडचा चालक घेतलेला बरा.

गावाबाहेर पाचेक किलोमीटर वर रिंचेनडिंगला नाका आहे. तिथे उतरून परमिट दाखवायचं. परमिटशिवाय फुंटशोलिंगला आलेली माणसं इथून मागे फिरतात. पुढे थिंफूपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर, पाच-सहा तास. फुंटशोलिंगला आपल्यासारखं उकडत असतं आणि थिंफू २,३०० मीटरवर आहे. स्वेटर-शाली डिकीतल्या तळाच्या बॅगेत टाकू नका, हाताशी ठेवा. रक्तदाबाच्या, दम्याच्या लोकांनी औषधं खिशात ठेवावीत आणि पहिल्या दिवशी जिने चढायची हौस टाळावी.

तंबाखूच्या पुड्या आणि गुटखा जयगावलाच सोडा. भूतानमध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि नियम मोडल्यावर दंड होतो. रस्त्यावर पिंक टाकली तर लोक काही बोलणार नाहीत, पण ज्या नजरेने बघतात ती आपल्या गावाच्या नावाला लागते.

१०. मुक्काम वाढला तर, आणि परत येताना

परमिट जितक्या रात्रींचं, तितक्याच रात्री राहता येतं. कुणी आजारी पडलं, रस्ता बंद झाला किंवा नुसतं मन रमलं म्हणून दिवस वाढवायचे असतील तर मुदत संपायच्या आधी थिंफूच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन वाढवून घ्या आणि वाढीव रात्रींचा एसडीएफ भरा. मुदत संपल्यानंतर जाऊन सांगण्यात अर्थ नसतो. दवाखान्याचे किंवा रस्ता बंद असल्याचे काही कागद असतील तर सोबत न्या.

परतीच्या दिवशी थिंफूहून किंवा पारोहून सकाळी लवकर निघा. बाहेर पडताना परमिट दाखवून नोंद करून घ्यायची असते. बाजारात फिरता फिरता गेटमधून तसंच जयगावला निघून जाऊ नका, कारण त्यांच्या नोंदीत तुम्ही आतच राहता आणि पुढच्या वेळी अर्ज करताना ते समोर येतं. पासपोर्टवर गेला असाल तर बाहेर पडल्याचा शिक्का पडला का ते बघा.

उरलेले न्गुलट्रम जयगावच्या दुकानांत घेतात, पण हासीमाऱ्याच्या पुढे त्यांचा उपयोग नाही, म्हणून तिथेच बदलून किंवा खर्चून टाका. हासीमाऱ्याहून परतीची गाडी मात्र डोंगर उतरलेल्या दिवसाची काढू नका. एका दरडीने किंवा नाक्यावरच्या रांगेने ती सहज हातची जाते, आणि तिकडून कोलकात्याचं तिकीट ऐनवेळी मिळत नाही. जयगावला रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट ठेवा.